चाळिशीत फासे टाकणारी माणसं नेमकं काय खेळतात?

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका संपली तसा आमच्या ओळखीपाळखीत एक प्रश्न परत फिरायला लागला. १९८३ सालच्या अमेरिकन गावातली ती पोरं तळघरात टेबलाभोवती बसून एवढा आरडाओरडा करत काय खेळत असतात? पट म्हणावा तर तो अर्धा वेळ नुसता पडून असतो. पत्ते नाहीत, पैसे नाहीत, कोण जिंकलं ते कळत नाही. मध्येच कोणीतरी चमत्कारिक आकाराचा फासा टाकतो आणि सगळे ताडकन उभे राहतात.

तो खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम नावाची खेळांची जी जात आहे, तिच्यातला हा पहिला छापील आणि आजही सर्वांत प्रसिद्ध खेळ. पुढे मी या जातीला नुसतं रोलप्ले म्हणेन. मालिकेतली मुलं शाळकरी आहेत. आमच्याकडे इंदूरमध्ये रामबागेतल्या एका बैठकीच्या खोलीत रविवारी दुपारी जे पाच जण हा खेळ मांडतात, त्यांतल्या सर्वांत धाकट्यालाही घराचे हप्ते आहेत. एक सीए, एक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, एक जण पीथमपूरच्या औषध कंपनीत पाळ्यांमध्ये काम करणारा, एक जण पुण्याची आयटीतली नोकरी घेऊन घरी परतलेली, आणि पाचवा मी. काहींनी होस्टेलवर हा खेळ खेळून सोडला होता, काहींनी फासा पहिल्यांदा हातात धरला तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. या वयात हे सुरू करायचं किंवा परत धरायचं, तर काय समजून घ्यावं लागतं त्याबद्दल हा लेख.

टेबलावर होतं काय?

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण मध्ये बोलायचो. "पण राजा मागच्या दाराने का नाही पळाला?" आजी कामात असली तर दटावायची, रंगात असली तर म्हणायची, "बरं, गेला मागच्या दाराने. तिथे काय होतं सांगू?" रोलप्ले म्हणजे ही दुसरी आजी. एक जण गोष्टीतलं जग सांभाळतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि गोष्टीत ते पात्र काय करतं ते सांगतात. पात्राचं बळ, चपळाई, अक्कल, बोलण्याची हातोटी वगैरे एका कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. एका बसण्याला सेशन म्हणायचं आणि अनेक सेशनमधून चालणाऱ्या मोठ्या कथेला कॅम्पेन. एवढे शब्द पुरे.

ड्रॅगन आणि किल्ले हवेतच असं नाही. आमची सध्याची कथा १८१७ च्या माळव्यात आहे. यशवंतराव होळकर जाऊन सहा वर्षं झालीत, दरबारात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, पेंढाऱ्यांच्या टोळ्या गावं लुटतायत आणि इंग्रजांच्या फौजा दोन बाजूंनी जवळ येतायत. खेळाडू म्हणजे एका व्यापाऱ्याचा तांडा महेश्वरपर्यंत सुखरूप न्यायची सुपारी घेतलेली चार माणसं. सेशनमधला एक तुकडा साधारण असा असतो:

"जाम घाटात अंधार पडलाय," मी सांगतो. "खाली शेकोट्या दिसतायत. पन्नासेक घोडी बांधलेली आहेत."

"पहाऱ्याला किती जण?" सीए विचारतो.

"वाटेवर एकच. म्हातारा. तंबाखू मळत बसलाय."

"मग मी लपतबिपत नाही. सरळ जातो आणि म्हणतो, काय भिया, चुना मिळेल का जरा?"

बाई कपाळावर हात मारतात. १८१७ सालचा माणूस इंदुरी थाटात 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणाला असता का, असा प्रश्न इंदूरच्या टेबलावर कोणी विचारत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. म्हातारा फसेल का? मी गेम मास्टर आहे म्हणून मी ठरवलं तर गोष्ट माझ्या मर्जीची झाली. सीएने ठरवलं तर तो दर वेळी जिंकणारच. म्हणून फासा.

फासा नेमकं काय ठरवतो?

या खेळात चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे वापरतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं सगळं घोडं वीस बाजूंच्या फाशावर चालतं. फासा टाकायचा, पात्राच्या अंगच्या कौशल्याचा आकडा त्यात मिळवायचा आणि बेरीज गेम मास्टरने ठरवलेल्या आकड्याएवढी किंवा जास्त आली की काम फत्ते. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०.

सीएचं पात्र बोलघेवडं आहे, त्याला फसवाफसवीत पाच मिळवता येतात. म्हाताऱ्याला गंडवणं मध्यम अवघड, म्हणजे १५. फाशावर दहा किंवा वर पडलं पाहिजे. वीसपैकी अकरा बाजू चालतील, म्हणजे ५५ टक्के. आता समजा तो म्हणाला, "मी आधी माझी चंची त्याच्यापुढे धरतो, सुरती तंबाखू आहे म्हणून." युक्ती चांगली आहे. अशा वेळी नियम सांगतो की दोन फासे टाक आणि त्यांतला मोठा धर. दोन्ही फासे दहाच्या खाली पडण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे जमण्याची शक्यता जवळजवळ ऐंशीवर गेली. चांगल्या कल्पनेला बक्षीस मिळालं, पण खात्री मिळाली नाही. हा सगळा खेळ या दोन वाक्यांमधल्या फटीत राहतो.

सगळे रोलप्ले वीस बाजूंवर चालत नाहीत. २०१० मध्ये आलेल्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाने साधे, ल्युडोतले दोन फासे घेतले. बेरीज दहा किंवा वर आली तर काम पूर्ण, सात ते नऊ आली तर काम होतं पण काहीतरी भोगावं लागतं, सहा किंवा खाली आली तर गेम मास्टर तुम्हाला गोत्यात आणतो. कौशल्याचा आकडा न मिळवता पाहिलं तर छत्तीसपैकी सहा वेळा पूर्ण यश, पंधरा वेळा अर्धमुर्धं, पंधरा वेळा गोता. मधली ती 'होतं, पण' पातळी मला वीस बाजूंच्या फाशापेक्षा जास्त आवडते. म्हातारा तुम्हाला आत सोडतो, पण सोबतीला स्वतःच्या नातवाला देतो. अशा निकालातून पुढची अर्ध्या तासाची गोष्ट आपोआप निघते.

गेम मास्टर कोणाच्या विरुद्ध खेळत नाही, हेही इथेच सांगायला हवं. त्याच्या हातात जगातले सगळे पेंढारी आहेत. जिंकायचं ठरवलं तर पहिल्या मिनिटाला जिंकेल. त्याचं काम पंचाचं आणि सूत्रधाराचं. मग जिंकतं कोण? कोणीच नाही. कॅरमवर वाढलेल्या माणसाला हे पचायला एखाद-दोन सेशन जातात.

पण हा मुलांचा खेळ ना?

या खेळाचा जन्म पाहिला तर उलट दिसतं. १८२४ मध्ये प्रशियाच्या तोफखान्यातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ तयार केला. त्यात फासे होते आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक तटस्थ पंच होता. आजचा गेम मास्टर त्या पंचाचा वंशज. पुढे छंद म्हणून सैन्यं मांडून खेळणाऱ्यांची मंडळं युरोप-अमेरिकेत झाली. १९६९ मध्ये मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली यांनी अशाच एका खेळात प्रत्येकाला पलटणीऐवजी एकेक माणूस दिला: तू महापौर, तू विद्यार्थी. त्यात खेळलेले डेव्ह आर्नेसन यांना ती कल्पना इतकी भावली की त्यांनी काल्पनिक राज्य रचून त्यात मित्रांची पात्रं फिरवायला सुरुवात केली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांच्या सोबतीने त्यातून १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापलं गेलं. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती, घरीच बसून डब्यांत भरलेली.

गायगॅक्स तेव्हा पस्तिशीत होते, पाच मुलांचे वडील. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत होते. म्हणजे हा खेळ पोरांनी शोधून मोठ्यांकडे आलेला नाही. संसारी माणसाने शोधला आणि मग त्याची मुलं खेळायला बसली.

फासे म्हणजे जुगारच की

हा आक्षेप घरातल्या ज्येष्ठांकडून येतो आणि द्यूतपर्व ऐकत मोठ्या झालेल्या समाजात तो येणं साहजिक आहे. उत्तर सोपं आहे: पणाला काहीच लागत नाही. फासा हरला तर तुमच्या पात्राची तलवार मोडते, तुमच्या खिशातून रुपया जात नाही. सारीपाटावर ज्यांचा आक्षेप नव्हता, त्यांचा यावर असायचं कारण नाही. एका ज्येष्ठ काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग फुकट एवढं भांडता कशाला?" त्याला मात्र उत्तर नाही.

यामुळे डोक्यावर परिणाम होतो म्हणे?

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळावरून मोठं काहूर उठलं होतं. मुलं सैतानाची पूजा करायला लागतात, आत्महत्या करतात, अशा बातम्या आणि मोहिमा चालल्या. पुढे तपासणाऱ्यांना खेळ आणि आत्महत्या यांच्यात कार्यकारण संबंध सापडला नाही. आज ही भीती बरीच विरली आहे. तरी मोठ्यांच्या टेबलावर एक काळजी खरी आहे आणि तिच्याकडे पुढे येतो.

जुना खेळाडू परत आला तर त्याला काय वेगळं दिसेल?

मोठेपणी परतणारे साधारण दोन वाटांनी येतात. काही जण होस्टेलवर, कोणाच्या तरी संगणकात साठवलेली पुस्तकं वाचून खेळलेले असतात. काही जण संगणकावरच्या 'बाल्डर्स गेट' मालिकेतून येतात. तिचा तिसरा खेळ २०२३ मध्ये आला आणि तो याच नियमांवर उभा आहे.

दोघांनाही पहिला धक्का बसतो तो आवृत्त्यांचा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे नियम १९८९, २०००, २००८ आणि २०१४ मध्ये नव्याने लिहिले गेले, आणि २०२४ मध्ये, खेळाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांची सुधारित पुस्तकं आली. जुन्यात जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत भक्कम, असा उलटा हिशोब होता. तो २००० मध्ये सरळ झाला. २००० आणि २००८ च्या आवृत्त्यांत प्रत्येक परिस्थितीसाठी अधिक-उण्याची लांबच लांब यादी असे. मघाचा 'दोन फासे टाक, मोठा धर' हा नियम २०१४ मध्ये आला आणि त्या यादीतलं बरंचसं त्याने एका फटक्यात मोडीत काढलं. परतणाऱ्याने जुनं डोक्यातून काढून टाकावं. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य या टेबलावरही कोणाला आवडत नाही.

खर्चाचं म्हणाल तर जाड रंगीत पुस्तकं हजारांच्या घरात जातात आणि सुरुवातीला त्यांची गरज नसते. २०१४ च्या आवृत्तीचे प्राथमिक नियम प्रकाशकाने फुकट दिलेले आहेत. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये हे नियम इतरांना वापरू देणाऱ्या परवान्याच्या अटी बदलण्यावरून खेळाडूंनी जगभर बंड केलं, तेव्हा प्रकाशक कंपनीला माघार घ्यावी लागली आणि नियमांचा सांगाडा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आला. श्रेय दिलं की तो कोणीही वापरू शकतो, भाषांतरही करू शकतो. आमच्या टेबलावरचा एक पानी मराठी तक्ता त्यातूनच झाला. फाशांचा संच काही शे रुपयांत घरपोच येतो आणि तोही नको असेल तर फोनवर फुकट फासे आहेत. फोनचे फासे मला आवडत नाहीत. टेबलावरून फासा घरंगळून सोफ्याखाली जातो आणि चार मोठी माणसं गुडघ्यांवर बसून तो शोधतात, तो भाग फोनमध्ये नाही.

मग अडतं कुठे?

नियमांवर अडत नाही, कल्पनाशक्तीवरही नाही. तारखेवर अडतं. कॉलेजात हा खेळ चालला कारण सगळे एका इमारतीत झोपत होते. ते आठवून जो माणूस पुन्हा तसंच करायला जातो, त्याचा ग्रुप दोन महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'या रविवारी कोण कोण?' एवढ्यावर येऊन थांबतो.

हिशोब मांडून पाहू. समजा पाच जण आहेत, एक गेम मास्टर आणि चार खेळाडू. कोणत्याही एका रविवारी प्रत्येक जण मोकळा असण्याची शक्यता ८० टक्के धरा. संसारी माणसाला हा आकडा उदारच आहे. पाचही जण एकदम मोकळे असण्याची शक्यता किती? ०.८ ला पाच वेळा गुणायचं. उत्तर येतं ३३ टक्के. तीन रविवारांपैकी दोन वाया. कोणाची तळमळ कमी पडत नाही, गुणाकारच तसा आहे.

आता नियम बदला: गेम मास्टर आणि चारांपैकी कोणतेही तीन आले की खेळ होणार. शक्यता ६६ टक्क्यांवर जाते, थेट दुप्पट. दोन खेळाडू आले तरी चालेल असं ठरवलं तर ७८ टक्के. याच्या पुढे आकडा फारसा हलत नाही, कारण खेळाडू कितीही आले तरी गेम मास्टरच ८० टक्के वेळा मोकळा आहे. म्हणजे गळती आता एकाच माणसाच्या घरात आहे. बाईंनी फळ्यावर मांडावं तसं वहीच्या मागच्या पानावर हे मांडलं, तेव्हा त्या पंचवीस मिनिटांत आमची निम्मी भांडणं मिटली.

त्यातून तीन गोष्टी निघतात. पहिली: तारीख दर वेळी विचारून ठरवायची नाही. वार पक्का, वेळ पक्की, येईल तो खेळेल. दुसरी: कथा अशी रचायची की एखादं पात्र गायब असलं तरी चालावं. तांडा, घाट, धर्मशाळा, गर्दीचा बाजार ही त्यासाठी उत्तम ठिकाणं. न आलेला माणूस तांड्याच्या मागच्या गाडीत झोपलाय म्हणायचं आणि पुढे जायचं. सेशन शक्यतो उघड्या रस्त्यावर संपवावं. लढाईच्या ऐन मध्यावर थांबलात आणि पुढच्या वेळी तीच दोन माणसं आली नाहीत, तर पंचाईत होते. तिसरी: गेम मास्टर नसेल त्या रविवारी दुसऱ्या कोणीतरी छोटा खेळ घ्यायचा. एका पानात नियम मावतील असे रोलप्ले आहेत आणि गेम मास्टरच लागत नाही असेही. 'फियास्को' नावाचा २००९ चा खेळ त्यातला. चार-पाच सामान्य माणसं, त्यांच्या मोठमोठ्या हावऱ्या योजना आणि तीन तासांत सगळ्यांचा झालेला विचका. इंदुरी जमीन-दलालांवर हा खेळ खेळून पाहा. कल्पनाशक्तीला फारसा ताण पडत नाही.

गुणाकाराच्या हिशोबात एक खोट आहे आणि ती बाईंनीच दाखवली. त्यात प्रत्येकाचं मोकळं असणं दुसऱ्यापासून वेगळं धरलंय. प्रत्यक्षात मुहूर्त सगळ्यांवर एकदम कोसळतात. लग्नसराई, गणपती, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, दिवाळीची आवराआवर, रंगपंचमीची गेर: या काळात तळमळ करण्यात अर्थ नाही. सुट्टी जाहीर करावी आणि परत कधी बसायचं ती तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर टाकावी.

लांबीबद्दलही बोलायला हवं. होस्टेलवर आठ-आठ तास चालायचं. आता अडीच तास भरपूर होतात. त्यातला पहिला अर्धा तास मुलांच्या परीक्षा आणि कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर जाणारच. तो धरूनच हिशोब करावा, नाहीतर गेम मास्टरची चिडचिड होते. खाणं आधी किंवा नंतर. शेव घातलेले पोहे आणि पेन्सिलीने लिहिलेला पात्राचा कागद हे एका टेबलावर नांदत नाहीत.

मोठ्यांच्या टेबलावर एक कागद जास्त लागतो

मघाशी ज्या काळजीबद्दल बोललो ती ही. वीस वर्षांच्या मुलांच्या गोष्टीत गाव जळतं, माणसं मरतात, आणि कोणाला काही वाटत नाही. पंचेचाळिशीतल्या माणसाने आईचं दुखणं काढलेलं असतं, कोणी मूल गमावलेलं असतं, कोणाचा घटस्फोट चाललेला असतो. गोष्टीत अचानक हरवलेलं लेकरू आलं तर टेबलावरच्या कोणाला काय होईल, हे गेम मास्टरला माहीत नसतं.

म्हणून कथा सुरू होण्याआधी एक बसणं नुसतं बोलण्यासाठी ठेवतात. त्याला सेशन झीरो म्हणतात. काय अजिबात नको, काय आलं तरी चालेल पण तपशिलात नको, हे ज्याने त्याने सांगायचं. कारण द्यायचं नाही आणि दुसऱ्याने विचारायचंही नाही. शिवाय टेबलाच्या मध्ये फुली मारलेला एक कागद ठेवायची पद्धत आहे. खेळताना नकोसं काही आलं की त्या कागदाला बोट लावायचं. गेम मास्टर ते तिथेच गुंडाळून पुढे जातो. मराठी घरांत हे आधी जरा ओशाळवाणं वाटतं. आपल्याकडे 'मला हे नको' म्हणायची सवय नाही, 'चालेल हो' म्हणायची आहे. आमच्याकडे तो कागद क्वचितच लागतो. पण तो नसता तर औषध कंपनीवाला पेंढाऱ्यांच्या गावलुटीचा प्रसंग निमूटपणे सोसत बसला असता, असं मला वाटतं.

अभिनय येत नाही, इंग्रजी जमत नाही

आवाज बदलून संवाद म्हणणं ऐच्छिक आहे. "मी म्हाताऱ्याला पटवायचा प्रयत्न करतो, सांगतो की आम्ही यात्रेकरू आहोत" असं सपाट सांगितलं तरी फासा तेवढाच पडतो. यूट्यूबवर जे खेळताना दिसतात, त्यांतले बरेचसे व्यावसायिक नट आहेत. त्यांच्याशी तुलना करून गप्प बसणं म्हणजे टीव्हीवरचा सामना पाहून गल्लीतलं क्रिकेट सोडणं. आमच्या बाई कधीच आवाज काढत नाहीत. त्या फक्त प्रश्न विचारतात आणि त्यांच्या प्रश्नांनी माझे दोन दिवसांचे बेत पाच मिनिटांत कोसळतात.

भाषेचंही तसंच. पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण पुस्तक एकट्या गेम मास्टरने वाचलं तरी चालतं. खेळ ज्या भाषेत तुम्ही भांडता त्याच भाषेत रंगतो. आमचा खेळ इंदुरी मराठीत होतो, म्हणजे क्रियापदं मराठी आणि शिव्या हिंदी.

आता हे एआय करत नाही का?

करतं. चॅटबॉटला गेम मास्टर केलं तर तो चटकन उत्तर देतो, रात्री दोन वाजताही मोकळा असतो आणि तारखेचा सगळा हिशोब निकालात काढतो. शिकण्यापुरता तो कामाचा आहे. नियम समजेपर्यंत एकट्याने सराव करावा. पण मला आढळलेली त्याची खोड ही की त्याला नाही म्हणवत नाही. तुम्ही म्हणालात की मी म्हाताऱ्याला पटवलं, तर तो म्हणतो, वा, म्हातारा पटला. फासा होता तो नेमकी ही गोष्ट होऊ नये म्हणून. संगणकावरच्या खेळांचं उलटं: तिथे फासा प्रामाणिक असतो, पण ज्या दाराचा विचार प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने केला नाही ते दार उघडत नाही. चुना मागायची सोय तिथे नव्हती.

किती लांब खेळायचं?

वर्षानुवर्षं चालणाऱ्या कॅम्पेनच्या कथा फार सांगितल्या जातात. त्या ऐकून सुरुवात करणारा माणूस आधी नकाशे काढतो, राजघराण्यांच्या वंशावळी लिहितो आणि तिसऱ्या सेशननंतर ग्रुप फुटतो. मोठ्यांनी शेवट आधी ठरवावा. सहा ते आठ सेशनची कथा, त्यानंतर हवं तर नवी. इतिहासातली कथा घेतली तर शेवट आयता मिळतो: २१ डिसेंबर १८१७ ला होळकर आणि इंग्रजांची महिदपूरची लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली. खेळाडू काहीही करोत, त्या तारखांना तोफा वाजणारच. त्या तारखांच्या आत त्यांच्या चार माणसांचं काय होतं, तेवढंच खुलं ठेवायचं. आणि सहा सेशनची कथा असेल तर पेंढाऱ्यांचा म्होरक्या दुसऱ्या सेशनलाच दिसला पाहिजे. पाचव्यापर्यंत त्याची नुसती वर्णनं ऐकवत बसलात तर शेवटी त्याच्याशी भांडायला वेळ उरत नाही.

आमच्या कथेत तो म्होरक्या म्हणजे चितू पेंढारी. तो खरा होता आणि इंग्रजांपासून पळता पळता आसीरगडाकडच्या रानात त्याला वाघाने मारलं, हेही खरं आहे. महिदपूरनंतरचं शेवटचं सेशन त्या वाघावर संपवायचं असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. गेल्या खेपेला बाईंच्या पात्राने चितूला आपल्या तांड्याच्या गाडीत लपवून घेतलं, फाशावर अठरा पडले, आणि आता तो महेश्वरला घाटावरच्या धर्मशाळेत जेवतोय. वाघाला तिथपर्यंत कसं आणायचं ते रविवारच्या आत शोधून काढायचं आहे.